अमेरिकेचा बाक, रशियाचा बाक

मेहरूण तलावावर सकाळी सातला अमेरिका चिंचेखालच्या बाकावर बसते आणि रशिया समोरच्या. मध्ये पायवाट. ती ओलांडली की माणूस फितूर.

अमेरिकेचे पुढारी रतिलालशेठ, कापडवाले. रशियाचे उखर्डू मास्तर, रिटायर. पैज लागलेली. समुद्रापलीकडे लढाई चाललेल्या एका देशातलं सरकार रविवारपर्यंत पडलं, तर भरीत-पुरीची पार्टी रशियानं द्यायची. टिकलं, तर अमेरिकेनं. वांगी बामणोदचीच पाहिजेत, यावर मात्र दोन्ही महासत्तांचं एकमत.

पंच निंबानाना. कारण त्यांचा मुलगा विक्रम त्याच देशात कामाला. बायको गेल्यापासून नाना एकटेच फेऱ्या मारायचे, कोणी हाक मारायचं नाही. आता दोन्ही बाक सरकून जागा देत होते.

"नाना, इकडे या, सावली आहे."

"तिकडे मुंग्या आहेत, नाना. आमच्याकडे बसा."

नाना एक दिवस इकडे बसत, एक दिवस तिकडे.

आज मास्तरांनी मोबाइल उंच धरला. "बघा तुमच्या अमेरिकेचे धंदे! रात्री वीज केंद्रं उडवली. राजधानी अंधारात."

"मग झालंच की!" शेठनी मांडीवर थाप मारली. "दोन दिवसांत सरकार खाली. मास्तर, पुऱ्यांचं तेल आणून ठेवा."

"लाइट गेल्यानं सरकार पडत असतं, तर आपल्याकडे एक तरी टिकलं असतं का?"

दोन्ही बाक खदखदून हसले. नाना हसले नाहीत. तीस वर्षं त्यांनी दीपनगरच्या पॉवर हाउसात पाळ्या केलेल्या. पोरानंही तेच काम धरलेलं, तिकडे.

"कोणतं केंद्र?" त्यांनी विचारलं.

"नावाशी काय करायचंय? सगळीच गेली."

नानांनी खिशातून फोन काढला. विक्रमचा नंबर तीन दिवस लागत नव्हता. आज रिंग गेली.

"लागला, लागला!" शेठनी पुढे होऊन स्पीकरचं बटण दाबलं. पायवाटेवर अमेरिका आणि रशिया खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"नाना? मी बरा शे."

नानांनी डोळे मिटले. "कोन्ती पाळी व्हती तुनी?"

"सकाळनी. रातले मी नव्हतू. रातवाला कोनीच..."

"विचारा ना, सरकार आहे की गेलं?" शेठ कुजबुजले.

"लोक कोणाच्या बाजूनं आहेत, ते विचारा," मास्तरांनी कोपर टोचलं.

"नाना, तठे कोन बोली राह्यनं?" विक्रमनं विचारलं.

नानांनी मान वर केली. सहा-सात चेहरे फोनवर वाकलेले.

"कोनी नई रे," ते म्हणाले. "मी एकलाच शे."