जिथे ड्वेन पोहोचणार नाही

"हा घाट चालेल?" मर्लने नकाशावर बोट ठेवलं.

नॅडीनने चष्मा पुढे ओढला. "चढ केवढा?"

"खडा आहे. उतार त्याहून वाईट. वर बारा मैल कच्चा रस्ता, हाडं खिळखिळी करणारा."

"म्हणजे ड्वेनची अडतीस फुटी गाडी..."

"पहिल्याच वळणावर अडकेल."

"मग चालेल," नॅडीन म्हणाली आणि पेन्सिलने रेघ ओढून मोकळी झाली.

ॲरिझोनाच्या वाळवंटात दर हिवाळ्यात त्यांचं चोवीस फुटी मोटरहोम उभं राही आणि शेजारी ड्वेन-फर्नचं. माणसं वाईट नव्हती. पण पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितल्याशिवाय ड्वेनला अन्न पचत नसे, आणि ती ऐकून दुसऱ्या कोणाला पचत नसे.

गेल्या वर्षी मर्ल आणि नॅडीन कोणाला न सांगता लाल खडकांच्या दरीत गेले, तर ड्वेन आधीच तिथे खुर्ची टाकून बसलेला. त्याच्या आदल्या वर्षी मिठाच्या मैदानातही तेच. दोन्ही वेळा त्याने मांडीवर थाप मारली. "काय योगायोग!"

"योगायोग कसला! मेला खिडकीतून आपला नकाशा वाचतो," मर्ल म्हणे. तेव्हापासून नकाशा पडदे ओढूनच उघडला जाई.

गुरुवारी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. नॅडीनने ना अंगठी मागितली, ना हॉटेलातलं जेवण. "एक संध्याकाळ," ती म्हणाली होती. "तू, मी आणि डोंगर. चौथं कोणी नको."

जागा सुचवली ती बर्टने. पाण्याच्या टाक्या भरून देणारा म्हातारा बर्ट. त्याने इकडेतिकडे बघितलं, कानामागची अंगठ्याएवढी उरलेली पेन्सिल काढली आणि नकाशावर फुली मारली. "गरम पाण्याचा झरा आहे. हे मी कोणाला सांगत नाही हं."

मंगळवारी चार वाजता रोजच्यासारख्या सगळ्यांच्या खुर्च्या गोलात लागल्या. मर्लने सहज आवाजात सांगून टाकलं, "आम्ही परवा तळ्यावर जातोय."

"तळ्यावर?" ड्वेनचा चेहरा फुलला. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय, अगदी नक्की."

"मग आम्हीही येतो की! उद्याच निघतो, पुढे जाऊन जागा धरतो."

फर्नला एकाएकी खोकला आला. नॅडीनने तिला पाणी दिलं आणि हसू लपवायला आपणही एक घोट घेतला.

मर्ल इतका खुशीत आला की त्याने खिशातून माउथ ऑर्गन काढला. तो रोजच वाजवी, पण त्या दिवशी तासभर वाजवला. ड्वेन नेहमीप्रमाणे लाकडं आणायला उठला. बिचारा कामसू होता; तीन हिवाळ्यांत त्याला कधी नीट बसून ऐकायला मिळालं नव्हतं.

गुरुवारी पहाटे मर्ल आणि नॅडीन निघाले. शेवटच्या पंपावर डिझेल भरलं, पाण्याची टाकी काठोकाठ होती, फ्रिजमध्ये पेकन-पाय होता, अक्रोडासारख्या पेकनचं सारण भरलेला गोड पदार्थ.

घाटाआधी रस्ता फुटत होता. उजवीकडे तळं, डावीकडे डोंगर. तिथल्या खांबाला एक कागदी ताटली ठोकलेली होती. वाळवंटात मागून येणाऱ्या ओळखीच्यांसाठी अशा ताटल्या ठोकायची रीतच आहे. जाड अक्षरांत लिहिलं होतं: "मर्ल, नॅडीन, आम्ही इकडे! ड्वेन." आणि तळ्याकडे हा एवढा मोठा बाण.

मर्लने गाडी थांबवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "गेला! तळ्यावर जागा धरून बसलाय!"

"वाईट वाटतंय रे थोडं," नॅडीन म्हणाली.

"वळवू का उजवीकडे?"

"खबरदार!"

घाटात इंजिन धापा टाकत होतं. उतारावर ब्रेकचा वास आला, तेव्हा दोनदा थांबून चाकं निववावी लागली. कच्च्या रस्त्यावर कपाटातले कप नाचत होते आणि नॅडीन त्यांच्या तालावर गात होती. तिला असं गाताना मर्लने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी आपण हिला का मागणी घातली, ते त्याला पुन्हा एकदा नीट कळलं.

शेवटचं वळण आलं. झऱ्यावर वाफ होती, कडे सोनेरी झाले होते, आणि झऱ्याच्या काठाला एक छोटा तंबू होता.

तंबूशेजारी ड्वेन नेहमी आपल्या मोटरहोममागे बांधून आणतो ती छोटी गाडी उभी होती. समोर दोन खुर्च्या. एकीवर फर्न, दुसरीवर गुडघ्याला पट्टा बांधलेला ड्वेन. त्याच्या हातातला काटा तोंडाशीच थांबला होता.

मग ड्वेनने मांडीवर थाप मारली. "काय योगायोग!"

नॅडीन हसली. दुसरं करणार काय? तिने पेकन-पायचे चार तुकडे केले. आलिया भोगासी म्हणत मर्लने खुर्ची उघडली आणि माउथ ऑर्गन काढला.

"मी लाकडं आणतो," ड्वेन लगेच उठला.

दहा मैलांत एक झुडूप नव्हतं. तरी तो लंगडत निघाला, आणि फर्नही मागोमाग गेली. दोघं खडकाआड दिसेनाशी झाली. पण दरीत कुजबुजसुद्धा स्वच्छ ऐकू येते.

"बाण तळ्याकडेच काढला होतास ना?" फर्न विचारत होती.

"तळ्याकडेच गं," ड्वेन रडवेल्या आवाजात म्हणाला. "तीनदा गिरवून काढला होता."