सुनेचा शेवटचा सामना

सून तळाशी गेली ती वर येईना.

सासूबाईंनी मांडीवरच्या नातवाला घट्ट धरलं. गॅलरीतून तलावात धड काही दिसत नव्हतं. रबरी पंख बांधलेले पाय, श्वासाच्या नळ्यांची टोकं आणि नुसता फेस. खरा खेळ खाली चालला होता आणि तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवत होते. वीतभर काठ्या घेतलेल्या बायका तळाच्या फरशीवरून शिशाची जड चकती ढकलत होत्या. पाण्याखालची हॉकी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंना वाटलं होतं, पोरगी आपली थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. सून लग्नाआधीपासून देशाच्या संघात होती. बाळ झालं आणि सासूबाईंनी धोशा लावला, आता पुरे. "एवढ्याशा जिवाची आई तू. श्वास कोंडून तळाशी कसली जातेस?" घरात धुसफुस वाढली. शेवटी तोडगा निघाला. बाळ अजून अंगावर पीत होतं, सासूबाईंच्या मुलाला रजा नव्हती. तेव्हा जागतिक स्पर्धेला बाळाबरोबर सासूबाईंनी जायचं आणि त्याच्या बदल्यात ही स्पर्धा शेवटची. सुनेने तसा शब्द दिला. तो शब्द गाठीला बांधूनच सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या.

आठवडाभर त्या हॉटेलच्या खोलीत दुपटी वाळवत राहिल्या. सामन्याला आल्या त्या आजच, तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीला. तेही सामना संपल्या संपल्या बाळाला पाजायचं होतं म्हणून.

गोल बरोबरीत होते. वेळ संपत आली होती. आपल्याच गोलच्या तोंडाशी सून आडवी झाली होती, चकती काठीखाली दाबून. समोरच्या संघातल्या तिघी तिच्या अंगावर. सासूबाईंनी नकळत स्वतःचाही श्वास धरला. छाती फुटायला आली तेव्हा सोडला. पडद्यावर सून तशीच. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा सोडला.

"अगं, ये की वर," त्या पुटपुटल्या.

शेजारी हाताला प्लास्टर घातलेली संघातलीच एक मुलगी बसली होती. ती म्हणाली, "नाही येणार, काकू. तिच्या जागी दुसरी पोहोचेपर्यंत तिला हलता येत नाही. ती खाली आहे म्हणून तर बाकीच्या वर श्वास घेऊ शकतात."

बत्तीस वर्षं घर ओढलेल्या बाईला यापुढे काही समजावायची गरज नव्हती.

दुसरी पोहोचली, पण जरा उशिरा. सून वर झेपावली आणि त्याच क्षणी चकती गोलमध्ये घरंगळली. भोंगा वाजला. संघ चौथा आला.

सून गॅलरीत आली ती निथळतच. डोळ्यांभोवती चष्म्याचे लाल वळ उमटले होते. तिने बाळाला घेतलं, पदराखाली घ्यावं तसं टॉवेलखाली घेतलं आणि भिंतीला टेकली.

"श्वास पूर्वीसारखा राहिला नाही, आई. पूर्वीची मी असते तर टिकले असते." मग चेहरा हसरा ठेवून म्हणाली, "जाऊ दे. दिलेला शब्द पाळते मी. सगळं सामान मुलींना देऊन टाकते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर सासूबाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवीतून कोरडा टॉवेल काढला आणि तिचे केस पुसायला लागल्या. लग्न झाल्यापासून हे त्यांनी कधी केलं नव्हतं. सूनही अवघडून गेली, पण तिने डोकं बाजूला घेतलं नाही.

"पुढची स्पर्धा कधी असते गं?"

"दोन वर्षांनी. का?"

"तोवर हा माझ्या हातून जेवायला लागेल." त्यांनी ओले केस झटकून मोकळे केले. "शब्द मला दिला होतास ना? मग तो मी तुला परत दिला. सामान कुणाला देऊ नकोस. तू खुशाल बुड्या मार, वर मी आहे."