आधी मी बसते

"खाटेच्या पायांवर माझी रेसची सायकल? रस्त्यात पडली म्हणजे?" लेक म्हणाली. "शिवाय बाकी सगळ्यांचे रॅक विकतचे असतात. मी आपली उद्या कोच सरांच्या गाडीतून जाते साताऱ्याला रेसला."

जुन्या लोखंडी खाटेचे पाय कापून, आमच्या गाडीच्या मागे बसेल असा तो रॅक मी स्वतः वेल्डिंग करून बनवला होता. अर्ध्या गावाच्या खिडक्यांचे ग्रिल माझ्या हातचे आहेत. त्यातला एकही गज अजून कुणाला वाकवता आलेला नाही.

मी पदर खोचला आणि रॅकवर चढून बसले.

"अहो, गाडी काढा. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून न्या."

"अगं, लोक बघतायत!" नवरा म्हणाला.

"बघू देत की. चला."

हे जीव मुठीत धरून निघाले. गॅलऱ्यांतून, दुकानांतून माणसं डोकावली. लेकीनं कपाळाला हात लावला. गतिरोधकावर गाडी अशी आदळली की माझा अंबाडा सुटला, दातांवर दात आपटले. रॅक मात्र कुरकुरलासुद्धा नाही. खाट होती तेव्हा रात्रभर कुरकुरायची!

वळसा घालून दारात आलो. "आता बोल," मी लेकीला म्हटलं.

तिनं दोन्ही हातांनी रॅक गदागदा हलवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"आई, सरक जरा."

ती माझ्याशेजारी चढून बसली आणि तिनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "बाबा, आणखी एक फेरी. या वेळी बाजारातून घ्या."