पेलाभर रक्त

"रक्त किती जाईल?" सोक-माननं पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना आजोबा, फार नाही," डॉक्टर बांग म्हणाली. "मांडीला पट्टा आवळतो. रक्त थांबवायचं औषध शिरेतून देतो. गुडघा बदलून होईस्तोवर पेलाभर गेलं तर गेलं."

"पेला कुठला? सोजू दारूचा चिमुकला, की तांदळाच्या माकगोलीचा वाडगा?"

डॉक्टर हसली. लेक उन-सिल हसली नाही. "अप्पा, जन्म कोळशाच्या खाणीत काढलात आणि आता पेल्याला घाबरता? पितरांच्या चुसोक सणाला आईच्या थडग्यावरचं गवत मी एकटीनं कापलं. तुम्ही डोंगराखाली गाडीत बसून. कायम असंच बसायचंय?"

"बसेन. मी वर गेलंच पाहिजे असं काही नाही."

लेकीचा चेहरा पडला. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. सोक-मानला तिला दुखवायचं नव्हतं, म्हणून त्याला बोलावं लागलं.

"तुझ्या जन्माआधी खाणीचं छत माझ्यावर आलं. बर्फानं घाट बंद. दवाखान्यात रक्त नाही. तुझी आई शेजारच्या खाटेवर आडवी झाली. तिचं काढलं नि मला चढवलं. मग काय, जन्मभर टोमणे. मी हट्टाला पेटलो की म्हणायची, 'हे माझं रक्त नव्हे हो, तुमचं उरलंसुरलं बोलतंय.'"

उन-सिलनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"ती गेल्यावर रीतीप्रमाणे तिचे कपडे जाळलेत तुम्ही. चपलासुद्धा. आता तिचं म्हणून जे आहे ते माझ्या अंगात आहे. तेही सांडू?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिनं एकदा उन-सिलकडे पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला खोटं नाही सांगणार. दुसऱ्याचं रक्त अंगात चारेक महिनेच टिकतं. ते विरत जातं, आपलं नवं तयार होतं. आजींचं रक्त त्याच वर्षी संपलं."

सोक-मान तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपल्या हातांवरच्या फुगलेल्या शिरांकडे पाहिलं. बायकोला, बुन-रेला, मातीत ठेवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. म्हातारा दगड आहे, असं लोक कुजबुजले होते. ते पाणी आता आलं.

"म्हणजे इतकी वर्षं आत मी एकटाच?"

उन-सिलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं बाहीला नाक पुसलं.

"कधी करता?"

"काय, आजोबा?"

"गुडघा. लवकर करा, डॉक्टरबाई. ती फक्त डोंगरावरच असेल, तर मला चढायलाच हवं."