पुठ्ठ्याचा डोंगर

सिल्वासात रेल्वे येत नाही, म्हणून सामरवरणीच्या गुप्तेकाकांनी ती आपल्या हॉलमधल्या टेबलावर आणली होती. दर रविवारी सकाळी तिथे तिघं जमायची: निवृत्त गुप्तेकाका, शाळेत शिकवणारी हर्षदा आणि मसाटच्या कारखान्यातला इंजिनिअर प्रमोद.

प्रमोदला स्टॉपवॉचची खोड. कारखान्यात तो मशीनचा वेळ मोजायचा, इथे या छोट्या गाडीचा. पुठ्ठ्याच्या डोंगरातला बोगदा जेमतेम हातभर. गाडी चार सेकंदांत बाहेर यायची.

आज नऊ लागले.

"चाकात केस अडकला असेल," काका म्हणाले. त्यांनी चाकं साफ केली, रूळ पुसले. पुढच्या फेरीला एकवीस सेकंद लागले. बोगद्याबाहेर मात्र गाडी नेहमीच्याच वेगाने धावत होती.

"काका, हात लावून बघा ना," हर्षदा म्हणाली. "डबे गार पडलेत."

तिसऱ्यांदा गाडी आत गेली. साठ सेकंद झाले, शंभर झाले. कपातला चहा निवला.

"उचल रे तो डोंगर," काका म्हणाले.

प्रमोदने दोन्ही हातांनी डोंगर उचलून छातीशी धरला. खाली रूळ मोकळे होते. काकांनी वाकून टेबलाखालीही पाहिलं. हर्षदाने रुळांची वीज बंद केली.

खोली शांत झाली, तसा प्रमोदच्या हातातला पुठ्ठा थरथरू लागला. आतून चाकांची धडधड ऐकू येत होती. लांबून, पण जवळ येत चाललेली. आणि ती छोट्या गाडीची नव्हती.

बोगद्याचं तोंड प्रमोदच्या छातीला टेकलेलं होतं.