जिवाचा कान

आज सांगायचंच, असं ठरवून आशाबाई टॅबसमोर बसली. आत बाजेवर तिचा नवरा कडूबा खोकत होता. त्यानं निक्षून सांगितलं होतं की पोराच्या कानावर काही घालायचं नाही.

सकाळी सातच्या ठोक्याला पडदा उजळला आणि पुण्याहून ज्ञानेश्वर दिसला.

ही रोजची बैठक त्याचीच कल्पना. कंपनीत त्याच्या हाताखालची माणसं निरनिराळ्या गावांत घरी बसून काम करायची. याचा त्याला पत्ता नाही, त्याचा याला नाही, आणि कामाचं मात्र खोबरं. मग त्यानं सगळ्यांना रोज सकाळी पडद्यावर बोलवायला सुरुवात केली. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. कामं मार्गी लागली, साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हा एकुलत्या एका पोरानं तेच औषध घराला लावलं. संग्रामपूरजवळच्या त्यांच्या खेड्यात टॅब येऊन पोचला आणि कोनाड्यात, देवाच्या शेजारी बसला.

"घरात का हजेरी लावतं का बे?" असं कडूबानं पहिल्या दिवशीच विचारलं होतं.

नियमही आले. एक जण बोलत असताना दुसऱ्यानं आवाज बंद ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं. दिवसभरात सुटे फोन करायचे नाहीत, त्यानं कामाचा विचका होतो. काय असेल ते सातला.

सुरुवातीला ज्ञानेश्वर फार प्रश्न विचारायचा. म्हशीचं दूध किती, संत्र्याला पाणी दिलं का, बाबा कुठं गेले. मग हळूहळू तो मुरला. आताशा मध्ये एक शब्द टाकायचा नाही. गालाला हात लावून बसायचा, मान डोलवायचा, हसायचा आणि ठरल्या वेळी हात हलवून जायचा.

आशाबाईला त्याचं फार अप्रूप. कडूबानं उभ्या संसारात तिचं एक वाक्य पुरतं ऐकलं असेल तर शपथ. "माहा ज्ञानू जिवाचा कान करून आयकते," असं ती आळीभर सांगत फिरायची. खामगावला तिनं हौसेनं घेतलेला निळा शर्ट तो रोज घालून बसायचा. याला दुसरा शर्ट नाही का, असं कडूबा म्हणाला तेव्हा ती त्याच्यावरच डाफरली होती. आईनं दिलेलं पोरगं अंगाला लावतं, याचंही याला वाकडंच.

आज मात्र तिनं म्हशीचं आणि संत्र्याचं सोडून दिलं.

"ज्ञानू, तुह्या बाबाले घास उतरत नाही. गळ्यात गाठ हाय. खामगावचे डाक्टर म्हनते, मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. पन हे आयकतच नाही. पोरगा आल्याशिवाय गळ्याले चाकू लावू देत नाही म्हनते, अन् तुले सांगू बी देत नाही. तू ये बापा."

ज्ञानेश्वरनं मान डोलवली. हसला. आई घाबरू नये म्हणून हसला असणार, असं तिला वाटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. आत जाऊन तिनं कडूबाला सांगितलं की पोराला सगळं कळलं, तो येतोय. कडूबा आधी चिडला. मग त्यानं दाढी करून घेतली आणि धुतलेलं धोतर काढून ठेवायला सांगितलं.

बसच्या वेळेला आशाबाई फाट्यावर जाऊन उभी राहायची. बस यायची, धूळ उडायची, उतरणारे दुसरेच असायचे.

रोज सात वाजता ती पुन्हा सांगायची. घास गेला, आता पेज बी जात नाही. पेज गेली, आता पाणीही नाकातून येतं. कधी येतो? रजा भेटत नाही का? तो मान डोलवायचा, हसायचा आणि हात हलवून जायचा. पालथ्या घड्यावर पाणी. एका सकाळी तिनं पडद्यापुढं हात जोडले. तेव्हाही तो हसलाच. त्या दिवशी आशाबाईला आपल्या दुधाची लाज वाटली.

शेजारचे अर्जुनराव म्हणाले, आपण फोन लावू. अकोल्याला मीच नेतो म्हणाले. कडूबाचा आवाज बसला होता, पण ताठा गेला नव्हता.

"रोज तोंडापुढं सांगून जो येत नाही, त्याले फोनवर भीक काऊन मांगाची?" तो म्हणाला. "राहू द्या."

आशाबाईनं मग फाट्यावर जाणं सोडलं. सात वाजता मात्र ती बसायची. काही बोलायची नाही, लेकाच्या तोंडाकडं बघत बसायची. हे असं हसू आपण कोणत्या पोटातून जन्माला घातलं, हे तिला कळत नव्हतं. शेवटी तेही बघवेना, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून बसू लागली.

आणि एका पहाटे कडूबा गेला.

बाया जमल्या, अंगणात गोवऱ्या पेटल्या. आशाबाईच्या डोळ्यात पाणी नव्हतं. पोराला कळवायचं का, असं कोणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, त्याले सगळं ठावं हाय. अर्जुनरावांना राहवलं नाही. ते बाहेर गेले, बराच वेळ फोनवर बोलले आणि आत येऊन फोन त्यांनी तिच्या कानाला लावला.

ज्ञानेश्वर ओक्साबोक्शी रडत होता.

"आई, बाबा एवढे बिमार व्हते, मले कोनीच काऊन नाही सांगतलं?"

आशाबाईनं कोनाड्याकडं पाहिलं. सात वाजून गेले होते, आणि पडद्यावर ज्ञानेश्वर त्याच निळ्या शर्टात, गालाला हात लावून, हसतमुखानं मान डोलवत होता.