जाड आवाजाचा भागीदार

मीटिंगआधी मृण्मयीने रणजितचा आवाज आणखी थोडा जाड केला. हळदीतली भेसळ ओळखणारं यंत्र सांगलीत तिने एकटीने बनवलं होतं; पण 'लग्नानंतर कंपनी कोण बघणार?' या प्रश्नाला वैतागून तिने पडद्यावर बोलणारा हा भागीदार संगणकात घडवला होता. गुंतवणूकदारांना कधीही नाही म्हणायचं नाही, हेही तिनेच त्याला शिकवलं होतं.

गुंतवणूकदार खासनीससाहेब आले, बसले. "मॅडम, तुम्ही आता मोकळ्या व्हा. कंपनी रणजितराव एकटे बघतील."

"अहो, तो माणूस नाही! मी बनवलाय त्याला."

"ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "काय रणजितराव, चालेल ना?"



त्या जाड, भारदस्त आवाजात रणजित म्हणाला, "साहेब म्हणतील तसं."